पाड, आढी आणि कोयता

बीड जिल्ह्यात कुणाच्या परसात कोणतं फळझाड टिकलं आणि कोणतं गेलं, हे मातीनं ठरवलं असं आपण म्हणतो. थोडंफार खरंही आहे ते. पण धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर, आष्टी या बालाघाटाच्या पट्ट्यात मातीइतकंच घराच्या कुलपानं ठरवलं. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या मुकादमाची गाडी दारात येते, मजुरीची उचल आधीच घेतलेली असते, भांडीकुंडी नि कोयते गाडीत चढतात आणि गावातली कितीतरी घरं पाच-सहा महिन्यांसाठी बंद होतात. माणसं पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या उसाच्या फडात, कोपीत. परत यायचं ते पाडव्याच्या आगेमागे, कारखान्याचा पट्टा पडला की. गेल्या पन्नास-साठ वर्षांतल्या इथल्या परसाचा मागोवा घ्यायचा तर सुरुवात या वेळापत्रकापासूनच करावी लागते.

केळीला, पपईला, पेरूला हिवाळ्यानंतर पाणी द्यावं लागतं. न्हाणीचं सांडपाणी वळवून आळ्यात सोडलं की एखादी केळ जगते, पण न्हाणी वापरणारंच कुणी घरात नसेल तर केळ कशी जगणार? म्हणून कुलपाच्या घरामागं राहिली ती कुणाचं काही न मागणारी झाडं: सीताफळ, बोर, कवठ, चिंच आणि जुना आंबा. त्यांचे हंगामही गमतीशीर लागलेत. सीताफळ पितृपक्षापासून दिवाळीपर्यंत, म्हणजे निघायच्या आधी. बोर पौष-माघात, म्हणजे मागं राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांना आणि त्यांच्याजवळ ठेवलेल्या पोरांना. चिंच शिमग्याच्या सुमारास. आंबा वैशाख-ज्येष्ठात, माणसं परतल्यावर. संक्रांतीच्या सुगडात बोर आणि उसाचं कांडं दोन्ही लागतं. घरची म्हातारी बोर परसातून वेचून आणते, आणि ऊस तोडणारी तिची लेक-सून त्या दिवशी दोनशे मैलांवर फडात उभी असते.

बीड शहराची गोष्ट वेगळी. निजामशाहीत, सोळाव्या शतकात, सलाबतखानानं बांधून घेतलेली खजाना विहीर आणि तिच्यातून भुयारी पाटानं निघणारं पाणी यांवर शहराबाहेरची बागायत पोसली गेली. तिथं बाग होती. डोंगरपट्ट्यात बाग नव्हती, परस होतं. सरकारी योजनांनी या दोन्हींना एकाच मापानं मोजलं आणि बरेच घोटाळे तिथून झाले, असं माझं मत आहे.

सीताफळाला बालाघाट मानवला त्याचं एक साधं कारण म्हणजे शेळ्या-गुरं त्याला तोंड लावत नाहीत. पाल्याचा वास उग्र, चव कडवट. शेतकरी दशपर्णी अर्कात हाच पाला घालतात. चरून बोडख्या झालेल्या डोंगरावर हे एक झाड शिल्लक राहतं आणि बांधावरही कुंपणाशिवाय वाढतं. उन्हाळ्यात पानं गाळून बसतं, मृगाच्या पावसानं हवेत ओल आली की फुलं धरतं. उन्हाळ्यात आलेली फुलं बहुतेक गळतात, कारण कोरड्या हवेत फळधारणा होत नाही. परागीभवन मधमाशी करत नाही, ते काम बारके भुंगेरे करतात. हे झाड मुळात अमेरिकेकडचं आणि पोर्तुगिजांबरोबर आलेलं, असं बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. भारहूत-मथुरेच्या शिल्पांत ते दिसतं म्हणणारेही आहेत. धारूरच्या किल्ल्याभोवती उगवलेल्या झाडांना त्या वादाशी देणंघेणं नाही.

तोडायचं कधी, हे डोळ्यांवरून कळतं. फळावरचे उंचवटे एकमेकांपासून सुटायला लागले आणि मधल्या खाचा पिवळसर-पांढऱ्या पडल्या की डोळा उघडला म्हणायचं. त्याआधी तोडलं तर फळ पिकत नाही, काळं पडून दगड होतं. डोळा उघडल्यावर तीन ते पाच दिवसांत मऊ होतं आणि एकदा मऊ झालं की दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाही. आमच्याकडे ती ज्वारीच्या कणगीत पुरून ठेवत. त्या दिवसांत गेल्या सालची ज्वारी तळाला गेलेली असते, हात कोपरापर्यंत घालावा लागतो. फळातून निघणारा वायू कोंडून राहतो म्हणून ती एकसारखी पिकतात, आणि दाणा वरचा ओलावा ओढून घेतो म्हणून बुरशी कमी धरते. हे कारण नंतर पुस्तकात वाचलं, कणगीत पुरणाऱ्या बायांना ते ठाऊक असायची गरज नव्हती. एवढं मात्र त्यांना नक्की ठाऊक होतं की रोज कणगीत हात घालून दाबून बघणाऱ्या पोराला आधी बाहेर काढायचं. दाबलेलं फळ त्याच जागी सडतं आणि शेजारच्या दोघांना घेऊन जातं. रानात गुरांमागं असणारी पोरं तर कणगीचीही वाट बघत नसत. डोळा उघडलेलं पण कडक फळ गोवऱ्यांच्या आरात भाजून खात.

साठवणीची खरी कला मात्र आंब्याची. गावठी आंब्याच्या झाडाला आधी पाड लागावा लागतो. एखाद-दुसरं फळ झाडावरच पिकून खाली पडलं की झाड उतरवायला तयार झालं. मग झेला घेऊन गडी वर चढतो. देठ बोटभर ठेवून तोडायचं, नाहीतर चीक सालीवर ओघळतो आणि तिथं काळा डाग धरतो. उतरवलेला आंबा तासभर सावलीत उपडा ठेवून चीक जिरू द्यायचा. आढी घालायची ती घरातल्या अंधाऱ्या, वारा न लागणाऱ्या कोपऱ्यात: खाली वाळलं गवत, त्यावर एकेका थराला आंबे, पुन्हा गवत, वर पोतं. चौथ्या-पाचव्या दिवशी घरभर वास सुटतो. मग रोज आढी उघडून चाळायची, पिकलेले वेगळे, लागलेले बाजूला, कच्चे पुन्हा आत. हे काम घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईचं, कारण कोणता आंबा आज रसाला आणि कोणता उद्याला, हे तिचं नाक ठरवतं. झाडांनाही नावं असत: शेप्या, गोटी, खोबऱ्या, शेंद्र्या, केळ्या, लाडू. शेप्याला शेपूचा वास यायचा आणि तो कुणी पाहुण्याला वाढत नसे. लाडूचा रस घट्ट, गोटी चोखायला. कैऱ्या लोणच्याला जात. बरणीला दादरा बांधून ती वरच्या फळीवर जायची. फडात नेण्याच्या सामानात लोणच्याचा डबा असायचाच. भाकरी, लोणचं आणि कोपीसमोरची चूल यांवर महिने काढलेली माणसं परसातल्या झाडाला भाजीची जागा देतात, हे शहरात बसून समजणं जरा कठीण आहे.

चिंच आणि बोर ही वर्षभर पुरवायची फळं. चिंच फोडून चिंचोके काढायचे, मीठ लावून गोळे करायचे, मडक्यात दाबायचे. साल उलटलं की ती काळी पडते आणि आमटीला तीच बरी म्हणणारेही असतात. गावरान बोरं छपरावर वाळवून, कुटून बोरकूट करत. उरलेली चिंच बार्शीच्या बाजारात जाते. फोडायचं काम गावातल्या बायाच करतात, रोजंदारीनं.

१९७२ च्या दुष्काळानं या परसाला पहिला मोठा धक्का दिला. गुरं गेली, आणि मग विकण्यासारखं जे उभं होतं ते विकलं गेलं. आंब्याचं जुनं खोड म्हणजे रोकड. सॉ-मिलवाला किंवा वीटभट्टीवाला दारात येऊन मोजून देई. त्या दुष्काळात उभी राहिलेली आणि १९७७ साली कायद्यानं पक्की झालेली रोजगार हमी योजना आधी खडी फोडण्याची, पाझर तलावांची, बांधबंदिस्तीची. पुढं १९९० साली तिला फळबाग लागवड जोडली. आपल्या शेतात झाड लाव, मजुरी-कलमांचा खर्च सरकार देईल, असा तो व्यवहार. कोरडवाहू जिल्ह्यांना ही योजना मानवली, यात वाद नाही. बांधावर बोर, सीताफळ, आवळा, चिंच, केशर आंबा लागला. पण झाड कागदावर आलं आणि परसातलं शेप्या-गोटी-लाडू कागदावर आलंच नाही. कलम पाहिजे, एकसारखं पाहिजे, अमुक अंतरावर पाहिजे. उमराण जातीच्या बोरांची आवक वाढली आणि भाव बसला, तेव्हा कितीतरी बांधांवर त्याच बोरींना कुऱ्हाड लागली. गावरान बोर कुणी लावलीही नव्हती, तोडायलाही कुणी आलं नाही.

याच काळात अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्रानं डोंगरातल्या झाडांमधून निवड करून धारूर-६ हा वाण दिला. तो याच मातीतला. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याला नवनाथ कसपटे यांनी एनएमके-०१ गोल्डन काढला: फळ मोठं, बिया कमी, लवकर उकलत नाही, चार दिवस जास्त टिकतं. व्यापाऱ्याला हे सगळं हवंच होतं. पुण्या-मुंबईला ट्रक जायचा तर टिकाऊपणाला मोल आहे आणि गावरान फळ क्रेटमध्ये पोचेपर्यंत उललेलं असतं. २०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वर्षी मराठवाड्याच्या केशर आंब्याला आणि जालन्याच्या मोसंबीलाही मिळालं. मानांकन बालाघाटाच्या फळाला, आणि रोपवाटिकेत सगळ्यात जास्त मागणी गोल्डनला. यात कुणाची चूक नाही, पण गंमत आहे.

मानांकनाच्या आधीची चार वर्षं आठवली की आमच्याकडची मोसंबीही आठवते. २०१२-१३ चा उन्हाळा, मग २०१४ आणि २०१५ चे हुकलेले पावसाळे. जिल्ह्यात चारा छावण्या, टँकर, आणि विहिरीच्या भरवशावर लावलेल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. लोकांनी विकतच्या टँकरनं झाडं जगवायचा प्रयत्न केला, काहींनी फांद्या छाटून नुसता सांगाडा राखला. परसात त्याच वर्षांत सीताफळ पानं गाळून गप्प उभं होतं आणि पाऊस झाल्यावर पुन्हा फुटलं. फळ बारीक आलं, पण आलं. हे सांगून मोसंबी लावणाऱ्याला शहाणपण शिकवायचं नाही. मोसंबीनं त्याच्या मुलींची लग्नं केली होती, सीताफळानं नाही.

सीताफळाचं दुखणं वेगळं आहे, ते साठवणीचं. आंब्याचा रस आटवता येतो, वाळवून पोळी होते, डब्यात बंद करता येतो. सीताफळाचा गर पासष्ट अंशांपुढं तापवला की कडू होतो. उघडा ठेवला तर हवा लागून तपकिरी पडतो. अख्खं फळ फ्रिजमध्ये ठेवावं तर थंडीनं साल काळीठिक्कर पडते आणि आतला गर धड पिकत नाही. त्यामुळं आजीच्या काळात या फळाचा लोणचं, पापड, पोळी असा एकही टिकाऊ पदार्थ झाला नाही. ते पिकलं त्या संध्याकाळी खायचं, नाहीतर शेजारी द्यायचं. दिवाळीआधी फडावर निघायची गडबड आणि कणगीतून एकदम पन्नास फळं तयार, अशा दिवसांत वाडीभर वाटप व्हायचंच. आता गर काढायची छोटी यंत्रं आली, उणे वीस अंशांच्या गोठवणीत तो वर्षभर राहतो आणि रबडी-आइस्क्रीमवाले तो उचलतात. बिया वेगळ्या करणं आणि सालीजवळचा कणीदार भाग मिसळू न देणं, एवढंच कौशल्य. पण गोठवण म्हणजे वीज, आणि ज्या गावात थ्री-फेज रात्री-अपरात्री येते तिथं घरच्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात दोन डबे एवढीच साठवण होते. मोठी साठवण तालुक्याच्या, नाहीतर शहराच्या ठिकाणी. फळ डोंगरातून जातं आणि दर तिकडं ठरतो.

पावसाचंही गणित बदललंय. आता दुष्काळाइतकाच ऐन हंगामातला पाऊस भोवतो. भरलेलं फळ सप्टेंबर-ऑक्टोबरच्या मुसळधार पावसात उकलतं, काळं पडतं, झाडावरच कुजतं.

परसही आटलंय. घरकुलाचा स्लॅब पडला की मागची जागा फरशीची होते आणि बोरीचे काटे पोरांच्या पायांत नकोत म्हणून ती आधी जाते. ज्यांच्या घरी आता ऊसतोडीला कुणी जात नाही, मुलगा पुण्याला कंपनीत आहे, बोअरला थोडं पाणी आहे, त्यांच्या मागं गोल्डनची दोन कलमं दिसतात, ठिबकची नळी दिसते, हातानं परागीभवन करणारी उत्साही मंडळीही दिसतात. ज्यांची उचल अजून फिटायची आहे त्यांच्या मागं मात्र अजून तेच गावरान झाड आहे. कलम लावलं तर पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात पाणी द्यायला माणूस लागतो. बी रुजायला महिनाभर घेतं, पण त्याला विचारायला कुणी यावं लागत नाही. रोपवाटिकांच्या यादीत आणि अनुदानाच्या अर्जात या बियांच्या झाडासाठी एखादा रकाना ठेवला तर कुलपाच्या घरांना त्याचा उपयोग होईल. मानांकनाचं फळ मुळात त्यांच्याच बांधावरचं आहे.