सरकारचा पैसा, बातमी मात्र संपादकाची

2 ऑक्टोबर 2017 रोजी बीबीसी मराठी मोबाइलवर आली, तेव्हा ती अनेकांना नवीच वाटली. खरं तर बीबीसी मराठीत बोलू लागली होती 1942 मध्ये, युद्धाच्या धामधुमीत, शॉर्टवेव्हवरून. 1958 मध्ये ते प्रसारण थांबलं.

या दोन्ही मराठी सेवांमागे ब्रिटिश सरकारचा पैसा होता. परक्या देशातल्या सरकारशी नव्हे, थेट जनतेशी बोलायचं, या राजनयासाठी ब्रिटनने उभारलेलं सर्वांत टिकाऊ साधन म्हणजे बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस. तिची घडण मोठी विचित्र आहे. एखादी भाषा सुरू किंवा बंद करायला परराष्ट्रमंत्र्यांची संमती लागते; त्या भाषेत कोणती बातमी द्यायची, ते संपादक ठरवतात.

याची चुणूक 3 जानेवारी 1938 रोजीच दिसली. इटलीचं बारी रेडिओ केंद्र अरबी भाषेतून ब्रिटनविरोधी प्रचार करत होतं, म्हणून बीबीसीची अरबी सेवा काढली गेली. आणि पहिल्याच बातमीपत्रात काय सांगितलं? पॅलेस्टाइनमध्ये ब्रिटिश लष्करी न्यायालयाने एका अरबाला फाशी दिली! परराष्ट्र खातं चिडलं. पण असली बातमी देणाऱ्यावरच श्रोता पुढे विश्वास ठेवतो, हे खात्याच्या गळी उतरायला वेळ लागला. 1956 च्या सुएझ कालव्याच्या प्रकरणात ब्रिटनचे पंतप्रधान ईडन यांनाही ते पटलं नव्हतं. परदेशी श्रोत्यांना विरोधी पक्षाची टीका ऐकवली, म्हणून ते बीबीसीवर भडकले होते.

2014 मध्ये सेवेचा खर्च सरकारी अनुदानावरून ब्रिटिश घरांच्या टीव्ही लायसन्स फीवर आला. पुढे रशिया आणि चीनच्या वाहिन्या जगभर पसरल्या, तसा सरकारने पुन्हा हात सैल केला. मराठी, गुजराती, तेलुगू, पंजाबी त्यातूनच आल्या. भारतातल्या परकीय गुंतवणुकीच्या नियमांमुळे 2024 पासून इथल्या भाषांचं काम ‘कलेक्टिव्ह न्यूजरूम’ ही भारतीय कंपनी पाहते.

आधुनिकीकरणाच्या नावाखाली जानेवारी 2023 मध्ये अरबी रेडिओ बंद झाला. एप्रिलमध्ये सुदानात युद्ध पेटलं आणि मे महिन्यात बीबीसीला सुदानसाठी पुन्हा शॉर्टवेव्हवर अरबी कार्यक्रम सुरू करावा लागला. तो रेडिओ बंद करायलाच नको होता.