नव्या लेन्सची कसोटी अवजारांवर

नवी लेन्स घरात आली की पहिली छायाचित्रे बहुधा नातवंडांची किंवा बाल्कनीतील फुलांची निघतात. ती मनोहर दिसतात. परंतु त्यावरून लेन्सची परीक्षा होत नाही. पाकळी किंचित वाकलेली दिसली, तर ती मुळातच तशी असू शकते. शेतीचे अवजार मात्र मापात घडलेले असते. त्याचा सरळ दांडा चित्रातही सरळच दिसावा लागतो. म्हणूनच अवजारासारखा निष्ठुर परीक्षक दुसरा नाही.

पिंपरी-चिंचवडकरांना त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. मोशीच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शन केंद्रात डिसेंबर महिन्यात ‘किसान’ हे कृषी प्रदर्शन भरते. ट्रॅक्टर, पलटी नांगर, रोटाव्हेटर, पेरणी यंत्रे असे सारे एकाच आवारात पाहावयास मिळते. दालनावरील माणसाची अनुमती घेतली की तासाभरात लेन्सचे गुणदोष उघड होतात.

पहिली कसोटी रेषेची. रोटाव्हेटरची आडवी चौकट चित्राच्या वरच्या कडेलगत येईल असे उभे राहावे. ती मध्यभागी फुगलेली दिसली, तर तो लेन्सचा वक्रतादोष होय. दुसरी कसोटी फोकसची. एकाच दांड्यावर ओळीने बसवलेल्या पात्यांकडे तिरकस पाहून, ॲपर्चर पूर्ण उघडे ठेवून, मधल्या पात्यावर फोकस साधावा. त्याच्या मागचे किंवा पुढचे पाते अधिक स्पष्ट आले, तर फोकस नेमका बसत नाही असे समजावे. तिसरी कसोटी रंगाची. उन्हात चकाकणाऱ्या नांगराच्या फाळाच्या कडेला जांभळी झालर दिसते का, ते चित्र मोठे करून पाहावे.

चालत्या यंत्राची गोष्ट निराळी. ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्ट सामान्यतः मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. शटरचा वेग १/६० सेकंद ठेवला, तर तेवढ्या अवधीत शाफ्ट ५४ अंश फिरतो आणि चित्र पुसट येते. १/१००० सेकंदात तो जेमतेम सव्वातीन अंश फिरतो. मात्र अशा शाफ्टजवळ गळ्यात लोंबणारा कॅमेऱ्याचा पट्टा किंवा सैल उपरणे घेऊन जाणे जिवावर बेतू शकते. हे चित्र दुरूनच घ्यावे.

येथवरच्या गोष्टी हौसेच्या झाल्या. यापुढची व्यवहाराची आहे. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटरची लेन्स लावून ट्रॅक्टरच्या अगदी निकट उभे राहिले, की पुढचे चाक अवाढव्य दिसते आणि मागचा भाग आकसतो. हा दोष लेन्सचा नव्हे, अंतराचा आहे. सहा-सात मीटर मागे सरून ८५ मिलिमीटरच्या लेन्सने तेच यंत्र टिपले, तर त्याची प्रमाणे यथायोग्य येतात. मोबाइलचा मुख्य कॅमेराही बहुधा रुंद कोनाचा असतो. म्हणून मागे सरून दुप्पट झूम वापरणे बरे.

आज अवजारांचा आणि जुन्या ट्रॅक्टरांचा बराच सौदा मोबाइलवरच्या चित्रांवर ठरतो. दूरच्या तालुक्यातील शेतकरी चित्र पाहून विसार पाठवतो. जवळून टिपलेला पाच फुटी रोटाव्हेटर त्याला सहा फुटी भासला, तर विक्रेत्याने तोंडाने एकही असत्य न उच्चारता त्याची फसगत होते. तराजूच्या पारड्याखाली मेण लावणे आणि हे, यांत फारसा भेद नाही.

बँकेच्या भाषेत ट्रॅक्टरच्या कर्जाला ‘नजरगहाण’ म्हणतात. वस्तू कर्जदाराच्या अंगणात राहते, बँकेकडे उरते ती केवळ नजर. म्हणून चॅसिस क्रमांकाचे सुस्पष्ट चित्र कर्जाच्या कागदपत्रांत मोलाचे ठरते. तेथे लेन्सची तीक्ष्णता हा शोभेचा प्रश्न राहत नाही.

महाराष्ट्रात यंत्र आणि चित्र यांचे नाते जुने आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडीस लोखंडी नांगरांच्या कारखान्याचा पाया घातला. पुढे १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे त्या कारखान्याचे मुखपत्र सुरू करणारे शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार होते.

भोसरी-चाकण पट्ट्यात सुटे भाग किंवा अवजारे विकणाऱ्या पेढ्यांतील तरुणांनी एवढा नेम पाळला तरी पुरे: चित्र दुरून घ्यावे, अवजाराशेजारी मोजपट्टी ठेवावी, रुंदी फुटांत लिहावी, आणि गंजलेला किंवा जोड दिलेला भाग असल्यास त्याचे स्वतंत्र चित्र द्यावे. असे चित्र कदाचित कमी देखणे ठरेल. परंतु माल घरी उतरवून घेणारा शेतकरी पुढच्या हंगामात पुन्हा त्याच पेढीचा क्रमांक फिरवील.