उजाड जमिनीवर कोणती झाडे लावावीत?

आपल्या व्यापारी बांधवांपैकी अनेकांची गावाकडे थोडीफार जमीन असते. कोणाचा वडिलोपार्जित पडीक तुकडा, कोणी बचतीतून घेतलेले दोन-चार एकर माळरान. शिवाय गावोगावच्या जमातींच्या ताब्यात कब्रस्तानाच्या व दर्ग्याच्या जमिनी आहेत. त्यांपैकी कितीतरी आज बोडक्या पडल्या आहेत. पावसाळा आला की टेम्पोभर रोपे येतात, खड्डे होतात, फोटो निघतात आणि पुढच्या उन्हाळ्यात तिथे काटक्या उरतात. रोप फुकट मिळाले म्हणून खड्डा, मजुरी आणि पाणी फुकट होत नाही. बाजारात आम्ही पोत पाहिल्याशिवाय ताग्याला हात लावत नाही. मग जमिनीच्या बाबतीतच ही पारख आपण का सोडून द्यावी?

परदेशी झाडांचा हिशेब

१९८० च्या दशकात सामाजिक वनीकरणाची मोठी लाट आली. सुबाभूळ आणि निलगिरी यांची रोपे वाटली गेली. निलगिरी ऑस्ट्रेलियाची, सुबाभूळ मेक्सिकोकडची. झाडे भराभर वाढली हे खरे. पण निलगिरीचा पाला जनावर खात नाही आणि सुबाभळीचा पाला जास्त खाल्ला तर जनावराचे केस गळतात. विलायती बाभूळ १९ व्या शतकात अमेरिका खंडातून आली. तिने गावोगावची गायराने, ओढ्यांचे काठ आणि कब्रस्तानेही व्यापली. गरिबाच्या चुलीला ती सरपण देते, कोळसाही देते, हे नाकारून चालणार नाही. म्हणून ती एकदम उपटून टाकण्याची घाई करू नये. टप्प्याटप्प्याने काढावी आणि मोकळ्या झालेल्या जागेत लगेच देशी झाड लावावे, नाहीतर खोडातून ती पुन्हा फुटते.

गुलमोहर दिसायला सुंदर, पण मूळचा मादागास्करचा. आपल्या माळावर त्याच्यापासून फळ नाही, चारा नाही, कामाचे लाकूड नाही.

जमीन पाहून झाड

देशी झाड म्हटले की ते कुठेही चालते, असा एक गैरसमज आहे. मुरमाड, खडकाळ उतारावर आणि कमी पावसाच्या भागात अंजन, सालई, धावडा, खैर, बोर, कडुनिंब ही झाडे तग धरतात. धुळे-जळगावकडच्या कोरड्या डोंगरांवर अंजन पूर्वीपासून आहे. सुरुवातीला ते वर कमी वाढते, कारण आधी मूळ खोल सोडते. एकदा मूळ लागले की दुष्काळातही पाला देते. काळ्या, पाणी साठणाऱ्या जमिनीत बाभूळ उत्तम. तिच्यातली रामकाठी सरळ उंच जाते आणि पिकावर सावली कमी धरते, म्हणून ती बांधाला बरी. ओढ्याकाठी करंज, जांभूळ, अर्जुन लावावेत. कोकणात आणि घाटमाथ्यावर हिशेब वेगळा. तिथे ऐन, किंजळ, हिरडा शोभतात.

अगदीच नापीक जागा असेल तर सुरुवात तरवडापासून करावी. पिवळ्या फुलांचे हे झुडूप जनावरे सहसा खात नाहीत, त्यामुळे कुंपणाशिवायही टिकते. त्याच्या आडोशाला माती थांबते, गवत येते आणि मग मोठ्या झाडाला जागा तयार होते.

आपले धंदे आणि ही झाडे

आमच्या मते या विषयातली महत्त्वाची गोष्ट ही की आपल्या बहुतेक बिरादऱ्यांचे जुने धंदे याच झाडांवर उभे होते. तांबोळ्यांच्या पानातला कात खैराचा. अत्तारांच्या दुकानातले हिरडा आणि बेहडा जंगलातले. मन्सुरी-पिंजाऱ्यांनी उशीत भरलेला मऊ कापूस सावरीचा. मणियारांच्या लाखेच्या बांगड्यांची लाख पळस, बोर आणि कुसुम या झाडांवर पोसली जाते. विडी कामगारांचे पान टेंभुर्णीचे. कातडे कमावणाऱ्यांना बाभळीची आणि तरवडाची साल लागत असे. सुताराला गाडीच्या चाकासाठी बाभूळ हवी.

आमच्या कापड धंद्यातही तेच. रंगरेज आणि छीपा लोक कापडावर रंग पक्का बसावा म्हणून ते आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवत. हिरड्यावर लोहाचे पाणी बसले की काळा रंग उठतो. पळसाच्या फुलांतून पिवळा-केशरी रंग निघतो. धावड्याचा डिंक छपाईच्या रंगाला दाटपणा आणतो. रासायनिक रंग आले आणि हे सारे मागे पडले. आज नैसर्गिक रंगाच्या कापडाला पुन्हा गिऱ्हाईक आहे. चार झाडांनी कारखाना चालत नाही, हे आम्ही जाणतो. पण झाडच उरले नाही तर हुन्नरही उरत नाही.

लावण्याआधी राखावे

खर्च करण्यापूर्वी जमीन नीट पाहावी. चरून चरून खुरटलेले पळस, बोर, कडुनिंब यांचे फुटवे जमिनीलगत असतातच. दोन-तीन पावसाळे मोकाट चराई थांबवली तर ते आपोआप वर येतात. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने १९८९ नंतर चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि पाणी अडवण्याची कामे एकत्र केली आणि गावाचे रूप बदलले. शेळ्या पाळणाऱ्या बांधवांचे यात नुकसान होऊ नये. शेळी आत सोडण्याऐवजी चारा कापून न्यावा. बाभळीच्या शेंगा आणि बोरीचा पाला शेळीला आवडतोच.

उतारावर समतल चर आधी खणावेत, रोपे नंतर लावावीत. बी जवळच्याच रानातल्या जुन्या, निरोगी झाडांचे घ्यावे. कडुनिंबाचे बी फार दिवस टिकत नाही, ते ताजेच पेरावे. एकाच जातीची रांग लावू नये. आठ-दहा जाती मिसळाव्यात, म्हणजे कीड आली तरी सगळे जात नाही.

कायद्याकडेही लक्ष असावे. महाराष्ट्रातल्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत खैर, अंजन, हिरडा, जांभूळ, मोह, ऐन अशी झाडे आहेत. ती आपल्याच शेतात असली तरी तोडायला परवानगी लागते. लाकूड विकण्याच्या इराद्याने लावणाऱ्यांनी सातबाऱ्यावर झाडांची नोंद करून घ्यावी.

नफा कोणाचा?

दोन वर्षांत पैसे दुप्पट होतील, असे आम्ही सांगणार नाही. बोरीला कलम केले तर काही वर्षांत फळ बाजारात जाईल, आमच्या बागवान भावांना ते ठाऊक आहे. अंजनाचा फायदा मात्र मुलाला मिळेल, कदाचित नातवाला. पण मुसलमानाने लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्ले तर ते त्याच्या नावे सदका ठरते, असे हदीसमध्ये आले आहे. या नफ्याला मंदी नाही.

जमातीच्या जबाबदार मंडळींना आमची विनंती आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी कब्रस्तानाची जमीन एकदा फिरून पाहा. काय उगवले आहे, माती कशी आहे, पाणी कुठून वाहते याची नोंद करा. गावातल्या वृद्धांना विचारा की इथे पूर्वी कोणती झाडे होती. त्यांच्या उत्तरातूनच रोपांची यादी तयार होईल. मग एक एकरच घ्या, पण उन्हाळ्यात पाणी घालणारा माणूस आधी नक्की करा आणि त्याची मजुरी जमातीच्या हिशेबात धरा. एक एकर जगला तर दुसरा आपोआप सुचेल, इन्शाअल्लाह.