प्लेस्टेशन की एक्सबॉक्स? ५० हजार खर्च करण्याआधी हा हिशेब करून बघा

'दहावीला चांगले मार्क मिळाले तर गेम घेऊन देऊ,' असं घरोघरी कबूल केलं जातं. निकाल लागतो, मार्कही मिळतात आणि मग दुकानात पहिलाच प्रश्न येतो, 'पीएस दाखवू की एक्सबॉक्स?' आई-बाबा मुलाकडे बघतात. मूल यूट्यूबवर बघितलेली आकडेवारी सांगायला लागतं. दुकानदार जे स्टॉकमध्ये आहे त्याचं कौतुक करतो.

गोंधळ इथेच होतो. कारण यंत्राची किंमत हा या खरेदीतला फक्त पहिला हप्ता असतो. पुढची पाच-सात वर्षं गेम कुठून घ्यायचे, कोणत्या भावाने घ्यायचे आणि ते पुन्हा विकता येणार की नाही, हे सगळं त्या एका दिवशी ठरून जातं. म्हणून 'कोणतं यंत्र भारी' यापेक्षा 'कोणती व्यवस्था आपल्या घराला परवडते' हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे.

स्पर्धा नेमकी कुणामध्ये आहे?

एका बाजूला जपानची सोनी आहे. तिचं पहिलं प्लेस्टेशन १९९४ मध्ये आलं. दुसऱ्या बाजूला अमेरिकेची मायक्रोसॉफ्ट. तिने २००१ मध्ये एक्सबॉक्स आणून या बाजारात उडी घेतली. दोघांचीही सध्याची पिढी नोव्हेंबर २०२० मध्ये जगभरात बाजारात आली. भारतात एक्सबॉक्स त्याच वेळी मिळायला लागला, प्लेस्टेशन ५ साठी मात्र २ फेब्रुवारी २०२१ पर्यंत थांबावं लागलं.

सुरुवातीला भारतात डिस्क लावता येणाऱ्या प्लेस्टेशन ५ ची किंमत ४९,९९० रुपये होती आणि डिस्क नसलेल्या 'डिजिटल' मॉडेलची ३९,९९० रुपये. एक्सबॉक्स सिरीज एक्सही ४९,९९० रुपयांनाच होता, तर त्याचा धाकटा भाऊ सिरीज एस ३४,९९० रुपयांना.

'दोन-तीन वर्षं थांबलं की स्वस्त होईल' हा इलेक्ट्रॉनिक वस्तूंबाबतचा आपला नेहमीचा अनुभव. या पिढीत तो खोटा ठरला. प्लेस्टेशन ५ चं डिस्कवालं मॉडेल २०२२ च्या अखेरीस ५४,९९० रुपयांवर गेलं आणि एक्सबॉक्सचे दरही वाढले.

आतून ही यंत्रं किती वेगळी आहेत?

जाहिराती बघून वाटतं तितकी नाहीत. दोघांचाही मुख्य प्रोसेसर एएमडी या एकाच कंपनीच्या तंत्रज्ञानावर बनलेला आहे. प्लेस्टेशन ५ आणि सिरीज एक्स दोन्हींमध्ये १६ जीबी मेमरी आहे.

चित्र तयार करण्याची ताकद 'टेराफ्लॉप'मध्ये मोजतात. एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी आकडेमोडी. सिरीज एक्सची क्षमता १२ टेराफ्लॉप आहे, प्लेस्टेशन ५ ची १०.२८. कागदावर एक्सबॉक्स पुढे. पण साठवलेला डेटा वाचण्याचा वेग प्लेस्टेशनमध्ये सेकंदाला ५.५ जीबी आहे, तर सिरीज एक्समध्ये २.४ जीबी. म्हणजे इथे प्लेस्टेशन पुढे. प्रत्यक्षात एकच गेम दोन्हीकडे शेजारी-शेजारी चालवला, तर फरक शोधायला पडद्याजवळ जाऊन बसावं लागतं.

खरा फरक आहे तो सिरीज एसमध्ये. त्याची क्षमता ४ टेराफ्लॉप आणि मेमरी १० जीबी आहे. नवे गेम त्यावर चालतात, पण चित्राचा बारकावा कमी होतो. घरात जुना फुल एचडी टीव्ही असेल, तर हा फरक फारसा जाणवणार नाही. फोर-के टीव्ही असेल, तर जाणवेल.

हातातला कंट्रोलर मात्र दोघांचा वेगळा आहे. प्लेस्टेशनच्या 'ड्युअलसेन्स'मध्ये चार्ज होणारी बॅटरी आहे आणि त्याचं बोटाखालचं बटण गेममधल्या प्रसंगानुसार घट्ट किंवा सैल होतं. धनुष्य ताणताना खरोखरच जोर लावावा लागतो. एक्सबॉक्सचा कंट्रोलर दोन पेन्सिल सेलवर चालतो. वर्षभराच्या सेलचा खर्च किंवा चार्जिंगच्या बॅटरीचा वेगळा खर्च गृहीत धरावा लागतो.

मग निवड गेमवरून करायची का?

अगदी अलीकडेपर्यंत याचं सरळ उत्तर 'हो' असं होतं. 'स्पायडर-मॅन' आणि 'गॉड ऑफ वॉर' हवेत तर प्लेस्टेशन, 'हेलो' आणि 'फोर्झा' हवेत तर एक्सबॉक्स. आता ही भिंत एका बाजूने पडायला लागली आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले चार गेम इतर कंपन्यांच्या यंत्रांवर आणणार असल्याचं सांगितलं. एप्रिल २०२५ मध्ये 'फोर्झा होरायझन ५' आणि 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' प्लेस्टेशनवर आले. पुढे 'हेलो'चीही नवी आवृत्ती प्लेस्टेशनसाठी जाहीर झाली. उलट दिशेने सोनीचे मोठे कथाप्रधान गेम एक्सबॉक्सवर आलेले नाहीत. 'हेलडायव्हर्स २' सारखा ऑनलाइन गेम हा अपवाद.

कारण व्यावसायिक आहे. प्लेस्टेशन ५ ची विक्री ८ कोटींच्या पुढे गेली आहे. मायक्रोसॉफ्टने तर यंत्रं किती विकली हे सांगणंच २०१५ पासून बंद केलं. २०२३ मध्ये तिने 'कॉल ऑफ ड्युटी' बनवणारी ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही कंपनी जवळपास ६,९०० कोटी डॉलरला विकत घेतली. एवढा पैसा ओतल्यावर ते गेम फक्त आपल्याच यंत्राच्या मालकांना विकणं परवडणारं नाही.

बाकी बहुतेक लोकप्रिय गेम दोन्हीकडे आहेत. 'ईए स्पोर्ट्स एफसी', 'कॉल ऑफ ड्युटी', 'क्रिकेट २४' हे दोन्हीकडे खेळता येतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला, भारतीय पुराणकथांवर आधारलेला 'राजी'ही दोन्हीकडे आहे. ज्याची जगभर वाट बघितली गेली, तो 'जीटीए ६'सुद्धा दोन्ही यंत्रांसाठीच जाहीर झाला.

विकत घ्यायचं की भाडं भरायचं?

दोन व्यवस्थांमधला सगळ्यात मोठा फरक इथे आहे.

सोनीची पद्धत जुन्या वळणाची आहे. गेम बनवा, विका. भारतात तिच्या अनेक मोठ्या नव्या गेमची किंमत ४,९९९ रुपये राहिली आहे. वर्षाला असे चार घेतले तर २० हजार आणि पाच वर्षांत एक लाख, म्हणजे यंत्राच्या दुप्पट. सोनीचीही 'पीएस प्लस' ही वर्गणी आहे आणि तिच्या वरच्या टप्प्यात बरेच गेम मिळतात, पण सोनीचे मोठे नवे गेम पहिल्या दिवशी त्यात येत नाहीत.

मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये 'गेम पास' सुरू केला. महिन्याला ठरावीक रक्कम भरा आणि शेकडो गेममधून हवा तो खेळा. वरच्या टप्प्यात तर कंपनीचे स्वतःचे नवे गेम पहिल्याच दिवशी मिळतात. म्हणजे तोच 'फोर्झा' प्लेस्टेशनवाला विकत घेतो आणि एक्सबॉक्सवाला वर्गणीत खेळतो.

ऐकायला हे एकतर्फी वाटतं, पण भाड्याच्या घराचे सगळे धोके यात आहेत. वर्गणी थांबली की गेम बंद. काही गेम यादीतून काढलेही जातात. आणि भाडं वाढतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेत गेम पासच्या सर्वांत वरच्या टप्प्याचा दर महिन्याला १९.९९ डॉलरवरून २९.९९ डॉलर झाला. भारतातही दर वाढले.

म्हणून हिशेब असा करा. गेम पासचा आजचा महिन्याचा दर १२ ने गुणा. ती रक्कम ४,९९९ ने भागा. उत्तर येईल तितक्याहून जास्त नवे गेम तुमचं मूल वर्षात खेळणार असेल, तर वर्गणी फायद्याची. वर्षभर एकटा फुटबॉल किंवा क्रिकेटचाच गेम खेळला जाणार असेल, तर ती वाया जाईल.

डिस्क एवढी महत्त्वाची का आहे?

नव्वदच्या दशकात वाढलेल्यांना पिवळ्या कॅसेटचे व्हिडिओ गेम आठवत असतील. एक कॅसेट विकत आणली की ती सगळ्या वाड्यात फिरायची. कुणाकडे 'मारिओ', कुणाकडे 'कॉन्ट्रा', सुट्टीत अदलाबदल. कंपनीला विचारायची गरज नव्हती.

२०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने नेमक्या याच सवयीला हात घातला. त्या वेळच्या 'एक्सबॉक्स वन'मध्ये जुन्या डिस्क विकण्यावर आणि उसन्या देण्यावर बंधनं येणार होती. शिवाय यंत्राने २४ तासांतून एकदा इंटरनेटला जोडून हजेरी लावणं सक्तीचं होतं. सोनीने त्यावर एक अगदी छोटी चित्रफीत काढली. गेम उसना कसा द्यायचा? तर एका माणसाने डिस्क दुसऱ्याच्या हातात ठेवली. बस, एवढंच. ग्राहक इतके संतापले की काही दिवसांतच, यंत्र बाजारात येण्याआधीच, मायक्रोसॉफ्टने ते नियम मागे घेतले.

पण जे नियमाने जमलं नाही, ते सोयीने होत आहे. डिजिटल मॉडेल स्वस्त असतं म्हणून लोक ते घेतात, आणि मग गेम फक्त कंपनीच्याच ऑनलाइन दुकानातून, तिच्याच भावाने घ्यावे लागतात. तो गेम विकता येत नाही, मित्राला डिस्कसारखा देता येत नाही. कायद्याच्या भाषेत तो तुमच्या मालकीचाही नसतो, तुम्हाला फक्त वापराचा परवाना मिळालेला असतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने तर २०२४ मध्ये कायदाच केला, की डिजिटल वस्तू विकताना ही गोष्ट ग्राहकाला स्पष्ट सांगावी.

डिस्कचा हिशेब उलट आहे. समजा, ४,९९९ रुपयांची डिस्क खेळून झाल्यावर २,५०० ला विकली, तर गेम निम्म्या किमतीत पडला. असे चार-पाच व्यवहार झाले, की डिस्कवाल्या मॉडेलसाठी मोजलेले जादा पैसे वसूल. प्लेस्टेशन ५ च्या नंतर आलेल्या 'स्लिम' डिजिटल मॉडेलला डिस्क ड्राइव्ह वेगळा घेऊन जोडता येतो. सिरीज एसला ती सोय नाही. तो घेतला की कायमचं डिजिटल.

दुकानदार सहसा सांगत नाही असे खर्च कोणते?

ऑनलाइन खेळण्याची वर्गणी: बहुतेक विकतच्या गेममध्ये इंटरनेटवरून इतरांशी खेळायचं असेल, तर दोन्हीकडे वर्गणी लागते. 'फोर्टनाइट'सारखे मोफत गेम त्याला अपवाद.

जागा: सिरीज एसच्या मूळ मॉडेलवर ५१२ जीबी लिहिलेलं असलं, तरी वापरायला सुमारे ३६४ जीबी मिळतात. मोठे गेम एकेकटे १०० जीबीच्या पुढे जातात. जागा वाढवायला प्लेस्टेशनमध्ये कॉम्प्युटरला लागणारी, योग्य वेगाची सर्वसाधारण एसएसडी बसते. एक्सबॉक्सला त्याच्यासाठीच बनवलेलं कार्ड लागतं.

इंटरनेट: घरात ब्रॉडबँड नसेल आणि सगळं मोबाइलच्या रोजच्या डेटावर चालत असेल, तर डिजिटल मॉडेल आणि गेम पास दोन्हींचा विचार सोडा. डिस्क घेतली तरी काही गेमना डाउनलोड लागतंच, पण कमी.

गेममधली खरेदी: मुलाचं खातं वेगळं उघडा, खर्चाची मर्यादा घाला. दोन्ही यंत्रांत ही सोय आहे. कार्डचा नंबर साठवून ठेवू नका.

मग कुणी काय घ्यावं?

सोनीचे कथाप्रधान गेम खेळायचे असतील, वर्षाला दोन-चारच गेम घेतले जाणार असतील, जुन्या डिस्क घेण्या-विकण्याची तयारी असेल, तर डिस्कवाला प्लेस्टेशन ५. आधीचे प्लेस्टेशन ४ चे गेमही जवळपास सगळे त्यावर चालतात.

घरात चांगलं इंटरनेट असेल, मुलाला सतत नवं काही करून बघायचं असेल आणि दरमहा वर्गणी भरायची तयारी असेल, तर एक्सबॉक्स. जुन्या एक्सबॉक्सचे बरेच गेम चालवण्यात तो पुढे आहे. मात्र आपल्या शहरात यंत्र, कंट्रोलर आणि दुरुस्ती मिळते का, हे आधी विचारून घ्या.

बजेट कमी आणि टीव्ही जुना असेल, तर सिरीज एस चालेल. फक्त त्यात डिस्क नाही, हे लक्षात ठेवून.

आणि एक प्रश्न मुलालाच विचारा: तुझे मित्र कशावर खेळतात? 'फोर्टनाइट' किंवा 'कॉल ऑफ ड्युटी'मध्ये दोन्हीकडचे खेळाडू एकत्र खेळू शकतात, पण 'जीटीए ऑनलाइन'मध्ये नाही. वर्गातल्या सगळ्यांकडे एक यंत्र आणि आपल्याकडे दुसरं असेल, तर डिस्कची अदलाबदलही होणार नाही आणि संध्याकाळी सोबत खेळायला कुणी सापडणारही नाही. तेव्हा १२ टेराफ्लॉपचा काही उपयोग नसतो.