परभाषेतील रविवार

परमुलखात, परक्या भाषेत धर्म सांगणाऱ्या तरुणाचा आठवडा कसा जात असेल? मराठीतील याचे ठळक उदाहरण म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली, वयाच्या तिशीत गोव्यास आला आणि पुढील बहुतेक आयुष्य त्याने साष्टी भागात काढले.

त्याच्या ‘क्रिस्तपुराणा’च्या आरंभी एका रविवारचा प्रसंग आहे. चर्चमध्ये मुले धर्मशिक्षणाचे पाठ घेत आहेत. तेथे एक ख्रिस्ती झालेला ब्राह्मण पाद्रीगुरूंना म्हणतो, ‘आमची जुनी पुराणे आपण वर्ज्य केलीत, मग त्यांच्या जागी आमच्या भाषेत दुसरे पुराण का देत नाही?’

हा प्रश्न साधा नव्हे. पोर्तुगीज सत्तेने साष्टीतील देवळे पाडली होती. पुराणश्रवणाची गोडी मात्र लोकांच्या मनातून गेली नव्हती आणि नुसत्या प्रश्नोत्तरांच्या पाठांतराने ती भागेना. तेव्हा गुरूलाच शिष्य होऊन मराठीच्या पायरीशी बसावे लागले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ साली रायतूर येथे छापला गेला, तोही नागरी खिळ्यांअभावी रोमन लिपीत!

ओवी आपल्याला नवी नाही. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आपल्या अंबाजोगाईसच आहे. ज्या छंदात त्यांनी अद्वैत सांगितले, त्याच छंदात या परदेशीयाने येशूचे चरित्र गायिले. राजसत्ता पाठीशी असूनही श्रोत्यांच्या मनापर्यंत जाण्यास त्याला श्रोत्यांचीच भाषा व छंद घ्यावा लागला, हे आपण भाषेच्या विद्यार्थ्यांनी विसरू नये.