गळक्या पन्हळीचे शास्त्र

आषाढाची झड लागून भिंतीवर ओल उतरू लागली, म्हणजे घरमालकाची पहिली फिर्याद पावसाविरुद्ध आणि दुसरी पत्र्याविरुद्ध असते. मग उघडीप पाहून शिडी लावली जाते, दिसेल त्या भोकावर डांबर किंवा बाजारातला एखादा लेप थापला जातो, आणि त्या वर्षापुरता तो मामला निकालात निघाला असे समजले जाते. पुढल्या वर्षी ओल त्याच जागी, किंवा फार तर हातभर अंतरावर, पुन्हा रुजू होते. माझे स्पष्ट मत असे आहे की कौलारू आणि पत्र्याच्या घरांच्या वळचणीला लावलेल्या ज्या पन्हळी गळतात, त्यांतील बहुतेकींचा मूळ दोष त्या बसवताना झालेल्या चुकीत असतो, आणि आपण ज्या भोकावर इलाज करतो ते भोक त्या चुकीचे कार्य असते, कारण नव्हे. ही चूक कोठे होते हे समजण्यास थोडे जलशास्त्र पुरते.

प्रथम पाण्याचा हिशेब पाहू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे बरोबर एक लिटर पाणी जमते. दहा मीटर लांब आणि आडव्या मापाने पाच मीटर रुंद अशी छपराची एक बाजू घेतली, व ताशी १०० मिलिमीटर वेगाचा पाऊस धरला, तर तेवढ्या एका बाजूवरून तासाला ५,००० लिटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १.४ लिटर पाणी पन्हळीत येते. हा वेग अवास्तव मानण्याचे कारण नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याची सरासरी ताशी ३९ मिलिमीटर एवढीच भरते, परंतु त्यातील फार मोठा भाग दुपारनंतरच्या थोड्या तासांत कोसळला होता, आणि पन्हळीला दिवसाच्या बेरजेशी कर्तव्य नसून त्या त्या मिनिटाच्या धारेशी असते.

आता हे १.४ लिटर पाणी १५ सेंटिमीटर रुंदीच्या, चौकोनी छेदाच्या आणि अगदी समतल पन्हळीत सोडले, तर त्याची खोली किती होईल? पाणी ज्या टोकाला मोकळेपणे खाली पडते तेथे ती सुमारे दोन सेंटिमीटर भरते. परंतु पन्हळ हा नदीसारखा एका मुखातून भरणारा प्रवाह नव्हे. तिच्यात पाणी सबंध लांबीभर वरून पडत असते, आणि प्रत्येक थेंबाला आडवा वेग देण्यासाठी लागणारा जोर पाण्याच्या स्वतःच्या उंचीतूनच मिळवावा लागतो. म्हणून निकासापासून सर्वांत दूरच्या टोकाला पाणी अधिक उंच उभे राहते, आणि घर्षण दुर्लक्षिले तर ही उंची निकासाजवळच्या खोलीच्या तीनाच्या वर्गमूळाइतकी पट, म्हणजे १.७३ पट, असते. आपल्या उदाहरणात ती साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास येते. पन्हळ दूरच्या टोकाला ओसंडू लागली की तेथील पत्राच आखूड किंवा उथळ आहे अशी समजूत होते, पण दोष पुष्कळदा दहा मीटरवरच्या निकासात असतो. तेथे पाला अडकून नळाच्या तोंडाचा अर्धा घेर बुजला, तर तेवढेच पाणी जाऊ देण्यासाठी तोंडावरची खोली दीडपटीहून अधिक व्हावी लागते, आणि ती वाढ सबंध पन्हळीत मागे सरकत जाते. नळाच्या तोंडावर सपाट जाळी ठेवल्यास आंब्याची दोन पाने तिचे काम संपवतात. घुमटाकार जाळीच्या बाजू मात्र पाने साचल्यावरही बऱ्याच उघड्या राहतात.

या आकड्यांतून आणखी एक गोष्ट निघते. दहा सेंटिमीटर खोल पन्हळीला साडेतीन सेंटिमीटर पाणी मुळीच जड नाही. पन्हळ रुंद घेतल्याने जे साधत नाही, ते उतार, आधार आणि निकास यांची नीट तजवीज केल्याने साधते. निकास एकाच टोकाला न ठेवता दोन्ही टोकांना ठेवून मध्यावर उंचवटा काढला, तर प्रत्येक बाजूचा प्रवाह निम्मा होतो आणि खोली दोनतृतीयांशाहूनही कमी होते. भारतीय मानकांतील तक्त्याप्रमाणेही १०० मिलिमीटर व्यासाचा उभा नळ ताशी १०० मिलिमीटर पावसात सुमारे ४० चौरस मीटर छपरापुरताच धरावा असे आहे, म्हणजे आपल्या ५० चौरस मीटरांस एक नळ मानकानेही अपुराच ठरतो.

उताराविषयी दोन विरुद्ध चुका आढळतात. पहिली, उतारच न देणे, अथवा डोळ्यांच्या अंदाजाने देणे. घराची वळचण स्वतः समपातळीत असेलच असे नाही. जुन्या घराचे वासे दबलेले असतात, आणि वळचणीच्या फळीला समांतर लावलेली पन्हळ कधी कधी निकासाकडे चढत जाते. दुसरी चूक अति उतार देण्याची. आयरिश अभियंता रॉबर्ट मॅनिंग याने १८८९ मध्ये मांडलेल्या सूत्राप्रमाणे प्रवाहाचा वेग उताराच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे उतार दुप्पट केला तरी वेग दीडपटही होत नाही. उलट खालच्या टोकाला पन्हळ कौलांपासून इतकी खाली जाते की जोराच्या सरीचे पाणी तिच्यावरून उडी घेऊन अंगणात पडते. दोनशे मीटरला एक मीटर, म्हणजे दहा मीटरला पाच सेंटिमीटर, एवढा उतार घरगुती पन्हळीला पुरेसा होतो. तो मोजण्यास पारदर्शक नळीत पाणी भरून केलेली गवंड्याची पाणसळ उत्तम, मात्र नळीत हवेचा बुडबुडा राहिला नाही याची खातरजमा करून घ्यावी, नाहीतर दोन्ही टोकांच्या पातळ्या खोट्या निघतात.

कान्हेरीच्या लेण्यांत डोंगराच्या अंगावरून वाहणारे पावसाचे पाणी पोढ्यांत, म्हणजे खोदीव टाक्यांत, नेण्यासाठी खडकातच कोरलेले चर आजही पाहावयास मिळतात. त्यांची रचना पाहताना मनात येते, की ज्यांनी हे चर कोरले त्यांच्यापुढे आपल्या कारागिरांचे अर्धे प्रश्न नव्हतेच: त्या चराला सांधा नाही, तो लोंबत नाही, आणि एकदा दिलेला उतार बदलत नाही. आपली पन्हळ तुकड्यांची बनलेली आणि टांगलेली असते, आणि तिचे सारे रोग या दोन गोष्टींतून उद्भवतात.

टांगणीचा रोग अधिक घातक आहे, कारण तो प्रथम दिसत नाही. १५ सेंटिमीटर व्यासाची अर्धगोल पन्हळ काठोकाठ भरली म्हणजे तिच्यातील पाण्याचे वजन मीटरमागे जवळजवळ नऊ किलो होते. दोन आधारांच्या मधला भाग या भाराने किती झुकेल हे त्या अंतराच्या चतुर्थ घातावर अवलंबून असते. आधाराच्या पट्ट्या ६० सेंटिमीटरऐवजी १२० सेंटिमीटरवर ठोकल्या, तर पट्ट्यांचा खर्च निम्मा होतो आणि झोक सोळापट वाढतो. मक्तेदाराने वाचवलेल्या त्या चार पट्ट्यांची किंमत घरमालक पुढे वर्षानुवर्षे भरतो. झुकलेल्या जागी पाऊस थांबल्यावरही पाणी साचून राहते, पाला व माती तेथेच बसते, ओल्या गाळाखाली जस्ताचा थर झिजतो आणि अखेर नेमक्या त्या खोलगट जागेला भोक पडते. डांबर तेथेच लावले जाते, खोलगटपणा तसाच राहतो. आणि असल्या साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा प्रसार करणाऱ्या एडिस डासाची पैदास होते. अंड्यापासून डास तयार होण्यास अनुकूल हवेत आठ-दहा दिवस पुरतात, आणि पाणी आटले तरी त्याची अंडी कित्येक महिने जिवंत राहू शकतात. म्हणून पन्हळीचा झोक ही केवळ इमारतीची बाब राहत नाही, ती शेजाऱ्यांच्या आरोग्याची बाब होते.

सांध्यांच्या बाबतीत नियम सोपा आहे: वरच्या बाजूचा तुकडा खालच्या तुकड्याच्या आत यावा, म्हणजे पाणी सांध्यावरून घसरत जाईल. परंतु काम सोयीच्या टोकाकडून सुरू केले की हा क्रम उलटतो, पाण्याची धार सांध्याच्या फटीत शिरते, आणि मग कितीही डाख दिला तरी तो फार दिवस टिकत नाही. प्लास्टिकच्या पन्हळीला आणखी एक खोड आहे. वैशाखातील दुपार आणि पौषातील पहाट यांच्या दरम्यान पन्हळीच्या तापमानात ३० अंशांचा फरक सहज पडतो, आणि तेवढ्या फरकाने दहा मीटर लांबीची पीव्हीसी पन्हळ सुमारे दोन सेंटिमीटर लांबते-आखडते. लोखंडी पत्र्याची तेवढीच पन्हळ साडेतीन मिलिमीटरच हलते. ज्याने प्लास्टिकचे सांधे घट्ट चिकटवून दोन्ही टोके खिळ्यांनी जखडली, त्याने तिला फाटण्याचा हुकूमच दिला असे समजावे. सरकण्यास वाव देणारे, रबरी पट्टीचे सांधे याचसाठी असतात. किनाऱ्यालगत खाऱ्या वाऱ्यातील क्षार धातूचा गंज झपाट्याने वाढवतात, म्हणून अॅल्युमिनियमच्या पन्हळीला साधे लोखंडी स्क्रू लावणे तेथे विशेष अनिष्ट. दोन भिन्न धातू खाऱ्या पाण्यात एकत्र आले की त्यांचा विद्युत्‌घट बनतो आणि स्क्रूभोवतीचे अॅल्युमिनियम खाल्ले जाते.

पन्हळ निर्दोष असूनही भिंत भिजते, असाही एक प्रकार आहे. हलक्या सरीत कौलाच्या कडेशी आलेले पाणी सरळ खाली न पडता, चहाच्या किटलीची मंद धार जशी तिच्या चोचीखालून ओघळते तसे, कडेला चिकटून कौलाच्या खालच्या अंगाने मागे वळते आणि फळीवरून भिंतीत उतरते. कौलाची कड पन्हळीच्या आत निदान पाच सेंटिमीटर आली पाहिजे, आणि पन्हळीची मागची कड बाहेरच्या कडेपेक्षा थोडी उंच असली पाहिजे, म्हणजे कधी ओसंडलीच तर ती अंगणाच्या बाजूस ओसंडेल.

भिंतीत शिरलेले पाणी काय करते, हे सांगितल्यावाचून या प्रकरणाचे गांभीर्य कळणार नाही. विटेत किंवा जांभ्यात सूक्ष्म छिद्रे असतात. एक शतांश मिलिमीटर त्रिज्येच्या छिद्रात केशाकर्षणाने पाणी तत्त्वतः दीड मीटर चढू शकते. हे पाणी विटा, चुना, सिमेंट व माती यांतील क्षार विरघळवून पृष्ठभागाकडे आणते, तेथे बाष्पीभवन होते, आणि मागे उरलेल्या क्षारांचे स्फटिक वाढताना गिलाव्यावर आतून दाब देतात. भिंतीला लोणा लागणे ते हेच. त्यावर रंगाचा नवा हात देणे व्यर्थ होय. पाण्याचा उगम बंद झाल्यावर भिंत पूर्ण वाळू द्यावी, लोणा कोरडा असतानाच ब्रशाने झाडून काढावा, आणि मगच गिलाव्याला हात घालावा. वाशाच्या टोकांची गोष्ट याहून गंभीर आहे, कारण लाकडातील ओलावा वजनाच्या २० टक्क्यांवर टिकून राहिला की कुजवणारी बुरशी तेथे जोम धरू शकते, आणि ओलीच्या वाटेने वाळवीही येते.

म्हणून दुरुस्तीची सुरुवात डांबराने न करता परीक्षेने करावी, आणि ती वैशाखातच करावी. पन्हळ साफ करून तिच्या उंच टोकाशी बादलीभर पाणी ओतावे व ते कोठे रेंगाळते ते पाहावे. जेथे रेंगाळले तेथे आधार कमी आहे किंवा उतार उलटा आहे. नंतर निकासात चिंधीचा बोळा घालून पन्हळ बोटभर भरावी, आणि प्रत्येक सांध्याखाली आधी ओढलेली खडूची कोरडी रेघ कोठे काळवंडते हे खालून तपासावे. आधी आधार, मग उतार, मग निकास, आणि सर्वांच्या शेवटी सांधा, हा क्रम मोडू नये. झुकलेल्या पन्हळीचा सांधा बुजवला तर तो पुढच्या भाराने पुन्हा उघडतो. नवी पन्हळ बसवून घ्यावयाची असेल, तर मक्त्याच्या रकमेचा शेवटचा हप्ता या परीक्षेनंतर मिळेल, असे करारातच नमूद करावे. चांगल्या कारागिराला या अटीचे भय वाटत नाही.

उभ्या नळाच्या तळाकडे मात्र बहुतेकांचे लक्ष जात नाही, आणि छपरावरचे सारे पाणी एका जागी गोळा करून जोत्याच्या मुळाशीच सोडले जाते. देशावर पाऊस थोडा म्हणून तेथे पन्हळीचे महत्त्वही थोडे, असे मानणारे येथे फसतात. तेथील काळी माती भिजली की फुगते व वाळली की आकसून भेगाळते, आणि घराच्या एकाच कोपऱ्याखाली ती दरसाल फुगू-आकसू लागली तर उथळ पाया विषम हलून भिंतीला तिरपी भेग जाते. कोकणात या पाण्याने जोत्यालगतची माती धुपते. दोन्ही ठिकाणी नळाला खाली वाकडे तोंड जोडून, फरसबंद उताराने किंवा बंद नळाने, पाणी जोत्यापासून निदान दीड मीटर दूर नेऊन सोडावे.