खिडकीच्या ग्रिलमधली भाजी

फ्लॅटच्या खिडकीत भाजी लावायची तर आधी ऊन बघा, बियाणं नंतर. टोमॅटो, मिरची, वांगं यांना रोज पाच-सहा तास थेट ऊन हवं. तेवढं नसेल तर पालेभाजीवर समाधान मानावं. मेथीला सहा इंच खोल, भोक पाडलेला क्रेट पुरतो. टोमॅटोला मात्र फूटभर खोलीची कुंडी लागते. नुसती माती जड होते आणि ग्रिलवर भार येतो, म्हणून तीत कोकोपीट नि गांडूळखत मिसळतात.

सुरुवात मेथीनेच करावी. डब्यातले दाणे रात्रभर भिजवून पेरले की तीन-चार दिवसांत कोंब दिसतात आणि महिन्याभरात जुडी हाती येते. कोथिंबीर जरा हट्टी. अख्खा धणा म्हणजे खरं तर दोन बिया असलेलं फळ. तो लाटण्याने हलकेच दडपून दोन फाकी करायच्या, मग पेरायच्या. उगवायला आठ-दहा दिवस सहज जातात आणि तेवढ्यात लोक कुंडी उकरून बघतात! एप्रिल-मेच्या उन्हात ती पानं देण्याआधीच फुलावर येते, त्यामुळे थंडीतच लावलेली बरी.

बी किती खोल पेरायचं? त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट, बस्स. कोवळी रोपं बुंध्याशी सडून कोलमडतात ती बहुधा जास्त पाण्याने. माती बोटाला ओली लागली, तर त्या दिवशी पाणी नको. पाकिटातलं गुलाबी बी औषध लावलेलं असतं. उरलं तरी ते फोडणीत जाऊ देऊ नका.